श्रुतिकाचं होय

माझी जीभ तिखट हाय, असं सारा गाव म्हणतो. म्हणू दे. पण ह्याच जिभेनं एकदा मायेपोटी घात केला, तो सांगते.

श्रुतिका माझ्या भावाची, मुरारीची पोर. वय सव्वीस, समज सहा वर्षांची. तिची आई ती रांगत असतानाच गेली. माझा नवरा लवकर वारला म्हणून मी माहेरीच, कशेडी घाटाच्या पायथ्याला. एकाच ओटीवर माझी चूल आणि मुरारीची चूल. पोरीला न्हाऊमाखू मीच घातलं. लहानपणी कुणी काय विचारलं की ती गांगरून रडायची आणि लोक फिदीफिदी हसायचे. म्हणून मीच शिकवलं, मोठ्या माणसानं विचारलं की होय म्हणायचं, मग कुणी ओरडत नाय. बाकी काय शिकली नाय, एवढं मात्र पक्कं शिकली.

गेल्या माघात मुरारीनं तिचं लग्न ठरवलं. नवरा मुंबईचा, पन्नाशीचा, बिजवर. घरात अंथरुणाला खिळलेली आई. त्याला बायको कुठली, फुकटची मोलकरीण हवी होती. मी भांडले तर मुरारी म्हणाला, उद्या मी डोळे मिटले तर हिला कोण? त्याचंही काळीज जळत होतं, खोटं कशाला बोलू. पण वर म्हणाला, पोरीला विचारलंय, ती होय म्हणाली. ते होय मीच शिकवलेलं.

हळदीला चार दिवस होते. मी महाडला कोर्टात गेले. फुकट वकील मिळाली, तिनं धावपळ केली, आणि श्रुतिकाला जजबाईंसमोर बसवलं. लग्न करायचंय का? होय. त्या माणसाला ओळखतेस का? होय. मुरारीचा चेहरा खुलला. बाई टेबलावरून पुढं वाकल्या. मग हळूच विचारलं, "मी तुझी आई आहे का?"

"होय."

लग्नाला तिथंच मनाई झाली. देव पावला म्हणून मी हात जोडले. पण पोरीला ठेवायचं कुठं? बापाच्या घरी नको. मी म्हटलं, माझ्याकडं द्या. बाईंनी तिलाच विचारलं, "आत्याकडे राहशील?"

"होय," श्रुतिका म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, हिच्या होयवर आम्हाला जाता येत नाही, आणि तुमची दोघांची ओटी तर एकच. पोरीला पनवेलच्या पुढं एका संस्थेत धाडलं. बाई चुकल्या असं मी म्हणत नाय. पण तिच्या सगळ्या होयांत तेवढं एकच खरं होतं हो, आणि ते कुणाला ओळखता यावं अशी सोय मीच ठेवली नव्हती.

महिन्यातून एकदा जाते. तांदळाची भाकरी नेते, सुकट नेते. जागा स्वच्छ हाय, तिथल्या बाया मायेच्या हायत. गेल्या खेपेला दुपारभर बसून तिला नाय म्हणायला शिकवत होते. ती माझ्या तोंडाकडं बघून हसायची आणि होय म्हणायची.

निघायची वेळ झाली. तिनं माझा पदर मुठीत धरला होता.

"सोडतेस ना, बाय माझी?"

"होय," म्हणाली, आणि मूठ अजून आवळली.

जन्मात पहिल्यांदा ती मला नाय म्हणत होती. मी तिचं एकेक बोट सोडवलं आणि एसटी गाठली.