तिसरी मुदत

गर्जे सर गेल्याचं मला फोनवरून कळलं आणि ते किती मोठे होते हे फ्लेक्सवरून. फोन त्यांच्या मुलाचा, सुधाकरचा होता. "अण्णा गेले, मास्तर. चहाचा कप हातात होता," एवढंच तो बोलला. दोन दिवसांनी शिरूर कासारच्या अलीकडच्या आमच्या फाट्यावर उतरलो, तर समोर पंधरा फुटी फ्लेक्स : 'सहकारमहर्षी, शिक्षणतपस्वी'. आमच्या जिल्ह्यात महर्षी व्हायला तप लागत नाही, निवडणूक जवळ आलेली असली की भागतं. श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो सरांच्या फोटोहून मोठे होते. सर असते तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले असते, "मास्तर, ह्यातला मेलेला कोणता?"

आम्ही एकाच हायस्कुलात, ते इतिहासाला आणि मी मराठीला. दोन वर्गांच्या मध्ये पत्र्याचं पार्टिशन, त्यामुळे माझ्या नोकरीत मी मराठीपेक्षा इतिहासच जास्त ऐकला. नववीतला अमेरिकेचा धडा त्यांचा खास. तो मी पहिल्यांदा ऐकला मात्र वर्गात नव्हे, बहात्तरच्या दुष्काळात, तलावाच्या कामावर. निम्मा वर्ग तिथे खडी फोडत होता, म्हणून सर पुस्तक घेऊन तिकडेच जायचे. दुपारी खायला सुकडी वाटून झाली की मुलांना बाभळीखाली बसवायचे आणि खडीचे तेरा तुकडे ओळीने मांडायचे. ह्या तेरा वसाहती. घर सोडून, समुद्र ओलांडून लोक आले आणि इथे राहिले. कमल नावाची एक पोरगी होती, हाताला फोड आलेले, तिने विचारलं, "मंजी कारखान्यावर ऊस तोडाय जाती तशी टोळी?"

"तशीच. पर ही टोळी माघारी आली न्हाई."

"आन् मुकादम?"

"मुकादम घरीच बसलेला. त्याला राजा म्हनायचे."

पोरं हसली. कमल हसली नाही. "तितं आधी कोनी ऱ्हात नव्हतं का, सर?"

सरांनी पुस्तकाची दोन पानं उलटून पाहिली. "होते की," ते म्हणाले. "पुस्तकात त्यांना जागा पुरली न्हाई."

धडा ते नेहमी एकाच ठिकाणी संपवायचे. लढाई, जाहीरनामा, घटना हे सगळं झाल्यावर पहिल्या अध्यक्षाला काय म्हणायचं यावर त्या लोकांची भांडणं झाली. कुणी लांबलचक पदव्या सुचवल्या, शेवटी नुसतं 'अध्यक्ष महाशय' ठरलं. दोन मुदती झाल्या. लोक आणखी राहा म्हणत होते, कायद्याची आडकाठी नव्हती, तरी तो माणूस उठला आणि आपल्या शेतावर निघून गेला. इथे सर पुस्तक मिटायचे. "देश तवा झाला," म्हणायचे. लढाया काय, कुणीही करतं. खुर्चीवरून उठलेला माणूस मात्र त्यांना जगाच्या इतिहासात फारसा सापडला नव्हता आणि बीड जिल्ह्यात तर मुळीच नाही.

पुढे दहा-बारा वर्षांनी गावात दूध सोसायटी निघाली आणि अध्यक्ष सरच झाले. त्यांच्या म्हशीचं दूध बाकीच्यांच्या रांगेतच उभं राहायचं. 'अध्यक्षसाहेब' म्हणणाऱ्याला ते शाळेतल्यासारखं वाक्य दुरुस्त करायला लावत. ऊसतोडीला जाणारी बरीच घरं दुधावर गावात टिकली, त्यात कमलचंही होतं. असं करत दोन मुदती गेल्या. तिसरीच्या वेळी पुन्हा दुष्काळ पडला, बोअर आटले, दूध निम्म्यावर आलं. मला ते रस्त्यात म्हणाले होते की ह्या सभेत उठणार. मारुतीच्या मंडपात सभा भरली, लोक म्हणाले, "सर, तुमीच ऱ्हावा, दुसरं हाय कोण?" आणि सर उठले नाहीत. मागून बायकांच्या घोळक्यातून कमल उभी राहिली. केस पांढरे व्हायला लागले होते.

"सर, तो अमेरिकेचा अध्यक्ष दोन डाव झाल्यावर कुटं गेलता?"

"शेतावर गेलता."

"मंग?"

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "त्याच्या शेतात पानी आसंल," म्हणाले.

मंडप हसला. मीही हसलो, आणि ते मला अजून आवडलेलं नाही. निवड बिनविरोध झाली. कमल खाली बसली.

त्याच वर्षी धडा जवळ आला तसे सर मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले. "मास्तर, औंदा तेवढा अमेरिकेचा धडा तुमी घ्या."

"मी? का बरं?"

"घसा बसलाय."

त्याच सकाळी त्यांनी हेडमास्तरांना मैदानापलीकडून झापलेलं मी ऐकलं होतं. "घसा नाही बसला, सर," मी म्हणालो, "बूड बसलंय."

ते खडू घेऊन वर्गावर निघून गेले. चार दिवस पार्टिशनपलीकडे नुसती फ्रान्सची उजळणी चालू होती. पाचव्या दिवशी त्यांनी अमेरिका काढली, शेवटच्या वाक्यापर्यंत आले आणि थांबले... इतका वेळ, की माझ्या वर्गातली मुलंसुद्धा पत्र्याकडे बघायला लागली. मग आवाज आला, "हे वाक्य मी तुमाला लई सोपं करून सांगत आलो. जानं सोपं नसतंय. तुमच्याबिगर कसं व्हायचं, असं त्याला बी लोक म्हनले आसतील. आन् ते खरं बी आसंल." दुपारी त्यांनी सोसायटीच्या सचिवाकडे राजीनामा दिला.

इथे थांबलो तर ह्या लेखाचाही फ्लेक्स होईल. राजीनामा मंजूर करायला सभा बोलावली, कोरम भरला नाही. पुन्हा बोलावली, पुन्हा नाही. उपाध्यक्षांनी तात्पुरता कारभार घेतला आणि दोन वर्षांत सोसायटी कायमची बंद पाडली. कमलने म्हैस विकली आणि नवऱ्याबरोबर पुन्हा टोळीत गेली. पारावर मला लोक म्हणायचे, "मास्तर, तुमच्या त्या अमेरिकेनं डेअरी घालवली." मी सरांना एकदा विचारलं. "घालवली आसंल," ते म्हणाले. "पर माझ्या एकट्याच्या जिवावर चालत हुती, मंजी चालत नव्हतीच की." हे उत्तर खरं की सोयीचं, हे मला ठरवता आलेलं नाही. त्यांनाही आलं नसावं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते धडा 'शेतावर निघून गेला' इथेच संपवत, पण 'देश तवा झाला' हे पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर सुधाकर मला सोसायटीच्या खोलीवर घेऊन गेला. तिथे आता भाऊबंदांचा कडबा असतो. भिंतीवर अध्यक्षांच्या नावांचा रंगवलेला फलक आहे : नाव, पासून, पर्यंत. नाव एकच. राजीनामा मंजूरच झाला नव्हता, म्हणून 'पर्यंत'ची जागा इतकी वर्षं कोरी. फ्लेक्सवाल्यांनी पेंटर धाडला होता, त्यात मृत्यूची तारीख भरायला. 'अखेरच्या श्वासापर्यंत अध्यक्ष' असं त्यांना पुढच्या कार्यक्रमात म्हणायचं होतं. मी म्हणालो, अखेरच्या श्वासापर्यंत राजे बसतात. मग राजीनाम्याची तारीख टाकू, सुधाकर म्हणाला. ती कुणालाच आठवेना, कागद तर उपाध्यक्षांच्या काळातच गेले होते. कमलबाई दारात उभ्या होत्या, आत येत नव्हत्या.

"बोला लवकर," पेंटर म्हणाला, "ब्रश वाळतोय."

"तारीक कशाला पायजे?" कमलबाई म्हणाल्या. "सोताहून, असं लिव्ह."

पेंटर शिकलेला होता. त्याने 'स्वतःहून' असं लिहिलं, विसर्गासकट. त्याच्याखाली आणखी सहा नावांसाठी रेघा आखून ठेवलेल्या आहेत. कडबा आता त्यांच्यापर्यंत आला आहे.