खिडकीवरचा काळा रंग

मंडळी, हात भरून आलेत, तरी लिहितेय.

चिंचवडचं आमचं घर विकायचंय. एजंट म्हणाला, "ताई, खोली अंधारी दिसते, गिऱ्हाईक परत जाईल." म्हणून आज खिडकीच्या काचांवरचा काळा रंग ब्लेडनं खरवडला.

एकाहत्तरच्या युद्धात ब्लॅकआउटसाठी बाबांनी तो फासला होता. युद्ध संपलं, बाबांची नाइट शिफ्ट काही संपली नाही. ते दिवसा झोपायचे, म्हणून रंग तसाच राहिला. तांदूळ निवडायलाही आई दारात जाऊन बसायची. आम्ही पोरं कुजबुजतच मोठी झालो. बाबा गेल्यावरही रंग काढायचं कुणाला सुचलं नाही.

आज ऊन थेट पलंगापर्यंत आलं. आई दारातच थबकली.

"अगं, एवढा उजेड होता होय आपल्या घरात?"

उद्या गिऱ्हाईक येतंय. आईला काय उत्तर देऊ, सांगा ना.