समुद्राच्या टाकीतलं शेवाळ

सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि घरात समुद्राची टाकी आणली. टाकी माशांचीच, पण खाऱ्या पाण्याची, आत जिवंत प्रवाळ असलेली. नाशिकमध्ये समुद्र करायचा म्हणजे आरओचं पाणी बादलीत भरायचं, त्यात पिशवीतलं खास मीठ तोलून घालायचं आणि ते पंपानं फिरवत ठेवायचं. ते काम माझं. नोकरीत जन्मभर तयार मालाची मापं तपासली होती, त्यामुळे खारेपणा मोजणं, पाण्याचं तापमान बघणं यात मला गंमत वाटायची.

खायला घालायचं काम बायकोनं पहिल्याच दिवशी स्वतःकडे घेतलं. गोठवलेल्या बारीक कोळंबीची वडी ती एका स्टीलच्या वाटीत टाकीतल्याच पाण्यात विरघळवायची आणि चमच्यानं थोडी थोडी सोडायची. दोन नारिंगी क्लाउनफिश होते. तिची नुसती चाहूल लागली तरी ते काचेपाशी येऊन शेपट्या हलवायचे. ती त्यांच्याशी बोलायची. "हो हो, आणलंय, धीर धरा जरा."

काही वर्षं टाकी सुरेख चालली. मग दगडांवर हिरवं शेवाळ धरलं. आधी मखमलीसारखं होतं, मग केसांसारखं लांब वाढलं आणि प्रवाळांवर चढायला लागलं. ज्यांच्यावर ते चढलं ते प्रवाळ मिटले ते उघडेनात. मी जुन्या टूथब्रशनं दगड घासायचो, सुटलेलं शेवाळ नळीनं ओढून घ्यायचो, पाणी बदलायचो. आठवडा जायचा आणि पुन्हा सगळं हिरवं.

दुकानदाराला फोटो दाखवला. तो म्हणाला, "काका, पाण्यात खत झालंय. खाणं जास्त पडत नाही ना?"

घरी येऊन बायकोला विचारलं तर तिला राग आला. "सकाळी एकदा घालते. इतकी वर्षं घालतेय, आता मला शिकवणार का?"

तिच्यावर अविश्वास दाखवायचं मला कारण नव्हतं. मी आरओचा फिल्टर बदलला. दिव्याचे तास कमी केले. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणून सोडल्या. एकदा टाकीवर चादर टाकून काही दिवस सगळा अंधार केला. तरी पाण्याची चाचणी करावी तर काचनळीतला रंग आदल्या खेपेपेक्षा गडदच, म्हणजे पाण्यातलं खत वाढलेलंच. कुठल्याही बिघाडाला कारण असतंच, ते सापडलं पाहिजे, एवढंच मला माहीत होतं.

मग ताप आल्यामुळे मी एक दिवस बाहेरच्या खोलीत सोफ्यावर पडून होतो. बायको वाटी घेऊन आली, माशांना घातलं, वाटी धुऊन पालथी ठेवली. मला काढा दिला. जरा वेळानं फ्रीज उघडल्याचा आवाज आला आणि ती पुन्हा वाटी घेऊन टाकीपाशी उभी.

"अगं, आत्ता तर घातलंस."

ती हसली. "आत्ता कुठं? तुमच्या तापाच्या नादात विसरलेच होते बघा. बिचारे उपाशी आहेत."

ती खोटं बोलत नव्हती. तिचा चेहरा मी ओळखतो. तिनं सावकाश चमचा चमचा सगळी वाटी रिकामी केली. दुपारी ती तिसऱ्यांदा आली, तेव्हा मी कूस बदलली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. भाजीत दोनदा पडलेलं मीठ, ओळखीच्या रस्त्यावर रिक्षावाल्याला पत्ता सांगताना अडखळणं, असं बरंच काही मी वयाच्या खात्यावर टाकलं होतं. ते सगळं त्या दुपारी एकदम समोर आलं.

डॉक्टरांनी तिला वार विचारला, महिना विचारला. उत्तरासाठी ती माझ्याकडे बघत राहिली. नंतर डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "औषधानं वेग थोडा कमी होईल. गेलेलं परत येणार नाही."

घरी आल्यावर मी माशांचं खाणं शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवलं. आता मोजून मीच घालायचो, ती अंघोळीला गेली की. रोज थोडं शेवाळ हातानं उपटायचो. टाकी सुधारायला लागली. पण बायको फ्रीज उघडून शोधायची, कासावीस व्हायची. "काहीच नाही हो यांना खायला. मरतील ते." शेवटी मी वाटीत टाकीतलं नुसतं पाणी भरून तिच्या हातात द्यायला लागलो. ती चमच्यानं ते पाणी सोडायची. मासे धावून यायचे, तोंड उघडायचे, मिटायचे. ती समाधानानं बघायची. मला तिथे उभं राहवायचं नाही.

शेवाळ गेलं. दगड पुन्हा पहिल्यासारखे जांभळट दिसायला लागले, प्रवाळ उघडले. मुलगी पुण्याहून आली तर म्हणाली, "बाबा, टाकी काय सुंदर झालीये!" आणि मग आईकडे बघून स्वयंपाकघरात गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

त्याच सुमारास बायको एकदा टाकीपाशी वाटी घेऊन नुसतीच उभी दिसली. मासे मागच्या दगडापाशी होते. तिच्या हातून काही मिळत नाही हे त्यांना कळलं होतं.

"येत नाहीत माझ्याकडे," ती म्हणाली. "ओळखत नाहीत वाटतं आता मला."

मी शेजाऱ्यांकडे गेलो आणि खाणं परत घेऊन आलो. दिवसभराच्या वडीचे बारीक तुकडे केले. तिला आठवण होईल तेव्हा वाटीत त्यातला एक कण टाकून द्यायचो. हळूहळू मासे पुन्हा यायला लागले. कण जास्त व्हायचे, हिशेब चुकायचा, एका कोपऱ्यात शेवाळ परत धरलं. धरू दिलं. त्या दिवसांत ती माशांशी पुष्कळ बोलायची. माझ्याशी कमी.

थंडी सरता सरता तेही थांबलं. मी वाटी हातात दिली तर ती बघत राहिली.

"हे काय?"

"माशांचं खाणं."

"कुणाचे मासे?"

"आपले."

"असं होय," ती म्हणाली आणि वाटी नीट टेबलावर ठेवून दिली.

मुलगी म्हणते, टाकी देऊन टाका, आईचं करता करता हे कशाला. ती म्हणते ते बरोबर आहे. पण मी अजून दिलेली नाही. परवा रविवारी बाह्या सरसावून काच घासत होतो. पाठीमागे बायको कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही.

"अहो भाऊ," ती म्हणाली, "किती वेळ उभे आहात. दमला असाल. बसा ना जरा."

तिनं खुर्ची पुढे ओढून दिली. मी हात पुसले आणि बसलो.