सीताफळं पिकत घालताना

काल आणलेली सीताफळं कागदात गुंडाळून ठेवली आणि आज स्वयंपाकघरात त्यांचा गोड, किंचित आंबूस वास दाटला. मी थेट लहानपणीच्या, मांजरसुंब्याच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन पोचले.

त्या साली पाऊस झालाच नव्हता. उसाचं पार चिपाड झालं होतं. दसरा उलटला तरी सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटला नाही. तिथली नोकरी सुटली तसे वडील आम्हाला घेऊन हायवेलगत राहायला आले आणि धाब्यावर रोट्या भाजू लागले. आई भिंतीला टेकून ट्रकांचे आवाज ऐकत बसायची.

एका सकाळी मात्र तीच म्हणाली, "चल, डोंगरात जाऊन येऊ."

डोंगर करपला होता, पण सीताफळींना लिंबाएवढी फळं होती. मी दिसेल ते तोडत सुटले, तशी आई हसली.

"मिटल्यालं कावून तोडतीस? डोळे उघडल्यालं बघ. ज्वारीत घातलं की दोन दिसात पिकतंय."

खोलीत राहायला आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. उतरताना तर गुणगुणलीसुद्धा.

घरी येताच फळं पुरायला तिनं सवयीनं ज्वारीच्या डब्यात हात घातला. नखं पत्र्यावर खरवडली. सकाळीच तिनं शेवटची ज्वारी झाडून दळायला नेली होती. खांद्यापर्यंत हात डब्यात ठेवून ती तशीच बसून राहिली.

डोंगरात तेवढा वेळ ती रिकामा डबा विसरली होती, हे मला आज कळतं. तेव्हा मी रडले, ते सीताफळं आता पिकायची कशात म्हणून.