व्हय म्हणायची सवय

आमच्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची, साखर गोळ्यांना जुमानेना, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. रोज दोनदा, जेवणाआधी, पोटात सुई. मालकांचे हात थरथरतात आणि त्यांना धड दिसत नाही, म्हणून सुई मी द्यायची असं ठरलं. चाकणच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला समोर बसवलं. बाटलीतून औषध कसं ओढायचं, बुडबुडा कसा घालवायचा, कातडी चिमटीत कशी धरायची, त्या सांगत गेल्या आणि मी व्हय व्हय करत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, "कळलं ना, मावशी?"

"व्हय," मी म्हणाले.

मला काहीच कळलं नव्हतं.

आमच्याकडे व्हय म्हणजे कळलं असं नसतं. व्हय म्हणजे मी ऐकतेय, उलट बोलत नाही, तुमचं चालू द्या. चौथीतून शाळा सुटली तेव्हापासून मी हे व्हय सासूला दिलं, मालकांना दिलं, पुढे मुलालाही दिलं. लग्नानंतर भावांनी मला राजगुरुनगरच्या कचेरीत नेलं. साहेबाने विचारलं, "बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडताय, समजून सही करताय ना?" मी व्हय म्हणाले. भावांनी बाहेर भजी खाऊ घातली आणि घरी आणून सोडलं. त्या जमिनीवर आता कंपनीचं गोडाऊन आहे. माझ्या न कळण्याने आजवर कुणाचं नुकसान झालं नव्हतं. झालं ते माझंच, म्हणून कुणी विचारायच्या भानगडीत पडलं नाही.

या वेळी मात्र अडलं. औषध फ्रीजमध्ये ठेवा, एवढं डोक्यात राहिलं होतं. जितकं गार तितकं टिकेल असं समजून मी बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवली. सकाळी औषधाचा खडा झालेला. ते वाया गेलं.

"हिच्या हातात देऊ नका म्हणत होतो मी," मालक ओरडले. "भाकरी थापण्यापलीकडं हिला काय कळतंय?"

मुलगा रावेतहून आला. नवी बाटली आणली, चार दिवस सुई द्यायला कंपाउंडर लावून दिला. "आई, हे तुला जमायचं नाही. रविवारी गाडी घेऊन येतो, दोघं माझ्याकडं चला. या घराला कुलूप लावू."

त्याच्या फ्लॅटमध्ये मी राहून आले आहे. सून वाईट नाही. पण तिथे पाणी प्यायचं तरी कुठला पेला घेऊ, असं विचारावं लागतं. मला माझं घर सोडायचं नव्हतं.

मी एकटीच दवाखान्यात गेले. "बाई, परवा मला काही कळलं नव्हतं."

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "मग व्हय कशाला म्हणलात?"

"तोंडातून निघतंय."

त्या बीडकडच्या. हसून म्हणाल्या, "आमच्याकडं बी तसंच हाय. आता मी काही सांगत न्हाई. तुम्हीच मला शिकवा. समजा, मी येडी हाय."

मी शिकवायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळले. मला नेमकं काय येत नव्हतं ते तिथे उघडं पडलं. मग तेवढंच विचारलं, पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं, पुन्हा दुसरीकडे अडले. मोसंब्याला सुया टोचल्या. बाटली कुठल्या कप्प्यात ठेवायची, हे विचारलं. सुई देऊन माणूस जेवलाच नाही तर काय, हेही विचारलं.

"घाम फुटंल, थरथरतील, काहीबाही बोलतील. शुद्धीवर असले तर आधी साखरेचं पाणी, मग फोन."

शिकायची एवढी सोपी रीत जगात होती आणि ती मला सगळे दात पडल्यावर मिळाली.

रविवारी मुलगा आला तेव्हा मी त्याच्यासमोर सुई दिली. तो म्हणाला, "बघू महिनाभर." गाडी रिकामी परत गेली.

महिना भरायच्या आत एका दुपारी मालकांनी दोडक्याची भाजी बघून ताट सरकवलं. सुई आधीच दिलेली होती. थोड्या वेळाने सदरा घामाने भिजला आणि ते मला आपली बहीण समजून बोलू लागले. मी साखर कालवून पाजली. माणूस जाग्यावर आल्यावर फोन लावला.

"आई, तुला कसं गं कळलं?" मुलाच्या आवाजात बापाच्या काळजीपेक्षा नवल जास्त होतं.

मालकांनी फोन ओढून घेतला. "अरे, मीच म्हणालो साखर आण. ही नुसती बघत बसली होती."

मी साखरेचा पेला विसळायला घेतला. मुलाने रावेतचं नाव पुन्हा काढलं नाही, मला तेवढंच हवं होतं.

रात्री मालकांनी सदरा वर केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी सुई दिली, ताट वाढलं आणि समोर बसले. दोडकाच होता.

"उठ की आता," ते म्हणाले.

ताट रिकामं होईपर्यंत मी त्यांच्यासमोरून हलले नाही.