पलीकडचा बाक

पोतनीस वकिलांकडे कोणी नवा पक्षकार आला की ते त्याला बसू देत नसत. तो टेकणार एवढ्यात हातपंख्याच्या दांडीने समोरच्या भिंतीकडे खूण करून म्हणत, "तिथे नाही. पलीकडच्या बाकावर जा. आता तू तुझा भाऊबंद. बोल, काय तक्रार आहे तुझी त्या हलकटाविरुद्ध?" हलकट म्हणजे तो स्वतः, हे त्या माणसाला कळायला थोडा वेळ लागे.

मी त्यांच्याकडे अकरा वर्षे कारकून होतो. त्यांना जाऊन आता चार वर्षे झाली. कर्जतला कचेरीसमोर त्यांची दोन खोल्यांची जागा होती आणि दारावर चार फुटांची पाटी. तिच्यावर दिवाणी, फौजदारी, महसूल, वारसा, वाटणी, दत्तक अशी अकरा कामे लिहिली होती. रंगाऱ्याचा अंदाज चुकल्यामुळे अकरावे काम, म्हणजे मृत्युपत्रे, कोपऱ्यातल्या खिळ्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत कोंबले होते. पाटी बदलू का, असे मी विचारले तेव्हा म्हणाले, "राहू दे. शेवटचंच काम आहे. त्या वेळी माणूस जवळ येऊन वाचतो."

बाकाचा हा प्रकार मला प्रथम पोरखेळ वाटला. कडावचा एक शेतकरी चुलतभावाने बांध कोरला म्हणून आला होता. पलीकडच्या बाकावर बसून तो चुलतभाऊ झाला आणि असा रंगात आला की स्वतःच्या आईबापांचाही उद्धार करू लागला. पाऊण तासाने घाम पुसत उठला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, त्याचं बी काय चूक नाय. बांध आदुगर आमच्याच बाबानं सरकवलेला हाय." आणि निघून गेला. अशी माणसे मी एकदा वहीत खुणा करून मोजली. पाचांतला एक परत जात असे. मी ते पोतनिसांना दाखवले. ते म्हणाले, "कुळकर्णी, उरलेले चार खोटं बोलत होते असं समजू नका. त्यांना फक्त नक्कल येत नाही."

तोंड त्यांचे फटकळ होते. न्यायाधीश, मामलेदार, देव आणि स्वतःची बायको या चौघांविषयी ते एकाच आवाजात बोलत. "कोर्टात शपथ देवाची घेतात, पण देवाला कधी समन्स काढत नाहीत. त्याची उलटतपासणी कोणाला झेपणार?" हे ते भर कचेरीत बोलत.

एका वर्षी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, तोंडावर त्यांच्याकडे पदू आला. पोशीरच्या पलीकडे डोंगराला टेकून असलेल्या आदिवासी वाडीतला ठाकूर. लंगोटी, खांद्यावर घोंगडी, हातात कागद, आणि तो कागद उलटा धरलेला. त्याच्या घराचे खांब वाळवीने खाल्ले होते, म्हणून त्याने आपल्याच डोंगरउताराच्या वरकस जमिनीतला साग तोडला. जमीन त्याची असली तरी साग सरकारचा, हे त्याला ठाऊक होते. पण पाऊस येणार आणि छप्पर बसणार हेही ठाऊक होते. जंगलाच्या रखवालदाराने धरून खटला भरला. तीन खांब, म्हणजे दोन-तीन महिन्यांची कैद सहज. रोप तयार होऊन उभे, घरात बायको आणि दोन लहान मुले. आवणी चुकली की वर्षाचा भात गेला.

"तोडलेस का?" पोतनिसांनी विचारले.

"तोडलं ना."

"छान. आता आमचं काम संपलं. जा पलीकडच्या बाकावर. तू रखवालदार."

पदू संकोचाने गेला. क्षणभर बसला. मग उठून त्याने घोंगडी कमरेला पट्ट्यासारखी आवळली, नसलेल्या मिशीला पीळ दिला आणि ओरडला, "ए ठाकऱ्या, चोरा! बैल जुंप. ह्ये तीन हितं ठेव, पंचाला दावायला. ह्ये दोन गाडीत टाक."

पोतनिसांच्या हातातला पंखा थांबला. "रखवालदारसाहेब," ते अगदी नम्रपणे म्हणाले, "दोन कुठे चालले?"

"तुला काय करायचंय रं? माझा गोठा उगडा पडलाय."

मी लिहायचा थांबलो. पोतनिसांनी पदूला अलीकडे बोलावून विचारले, की हे अगोदर का सांगितले नाहीस. पदूला प्रश्नच कळेना. "त्यात काय सांगायचं? सरकारचं लाकूड, सरकारच्या मानसानं नेलं. माझ्याच गाडीनं पोचवून दिलं मी."

दुसऱ्या दिवशी मला पाठवण्यात आले. नेरळपर्यंत गाडी, पुढे दोन तास पायी. पदूच्या जमिनीत सागाची ताजी खोडके, म्हणजे तोडून उरलेले बुंधे, पाच होती. मी दोऱ्याने प्रत्येकाचा घेर घेतला, सर्वांत मोठा सत्तावीस इंच, सर्वांत लहान बावीस. परत येताना रस्त्यावरूनच रखवालदाराचा गोठा पाहिला. सहा खांब जुने आणि काळे, दोन नवे आणि पिवळे.

आल्यावर मी पोतनिसांना स्पष्ट सांगितले, "यात धोका आहे. फिर्याद तीनची आहे. आपण पाच कबूल केले तर शिक्षा वाढेल."

"वाढेलच."

"आणि मामलेदारांनी पाच लिहून घेतले आणि पुढे काही विचारलेच नाही तर?"

"तर पदू दिवाळी तुरुंगात करील आणि मी त्याच्या बायकोला तोंड दाखवू शकणार नाही." खटल्याच्या सकाळी पदू आला, तेव्हा त्याला म्हणाले, "हे बघ, तिथे विचारतील तेवढंच बोलायचं. फक्त आकडा चुकला तर सुधारायचा."

"सुधारायचाच ना," पदू म्हणाला. "बकऱ्या मोजताना चुकला तर बोलतोच की आमी."

खटला मामलेदारांपुढे उभा राहिला. सरकारतर्फे जंगल खात्याचा रेंजर खुर्चीवर, रखवालदार साक्षीच्या पिंजऱ्यात. पोतनिसांनी त्याला एकच गोष्ट चार वेळा विचारली. खांब किती? तीन. खोडके किती? तीन. स्वतः मोजली? मोजली. पंचांनी किती मोजली? तीन.

मामलेदार वैतागले. "पोतनीस, तीन, तीन, तीन. पुढे चला."

"लिहून घेतलंत ना साहेब? मग मी बसतो."

मामलेदार पदूकडे वळले. "काय रे, तू हे तीन खांब तोडलेस का?"

"नाय सायेब."

रेंजर हसला. पदूने पाच बोटे वर केली. "पाच."

मामलेदारांची लेखणी कागदापासून वर उचलली गेली. ती खाली टेकण्यापूर्वी पोतनीस उभे राहिले होते. "साहेब, माझ्या अशिलाला गुन्हा पूर्ण कबूल करायचा आहे. अपुऱ्या गुन्ह्याची शिक्षा त्याला नको. माझ्या कारकुनाने पाच खोडके मोजली आहेत, घेर इंचांत लिहिले आहेत. तेव्हा उरलेले दोन खांब कोर्टापुढे आणवावेत. ते सापडायला फार लांब जावं लागणार नाही. त्यांना सध्या दोन म्हशी बांधलेल्या आहेत."

रखवालदाराने रेंजरकडे पाहिले. रेंजरने पाहण्याचे टाळले आणि दहा मिनिटांची मुदत मागितली. मी घड्याळ पाहिले, ते दोघे तेवीस मिनिटांनी परत आले. पंचनाम्यात दोष राहिला आहे, सरकार फिर्याद काढून घेत आहे, असे त्यांनी सांगितले. मामलेदारांनी सर्वांना सारखेच झापले, पोतनिसांना थोडे जास्त, आणि पदूला सोडले.

बाहेर आल्यावर पदू पायरीवर अडून बसला. त्याला हे पटेना. "मी तर पाच बोललू. तीनाला धरलं आन् पाचाला सोडलं, ह्ये कसं?"

"तुला कोणी सोडलं नाही रे," पोतनीस म्हणाले. "त्यांनी त्यांच्या माणसाला सोडवून नेलं. दार उघडं होतं, तू मागून बाहेर आलास. आता पळ."

पदू निघून गेल्यावर मी म्हणालो, की यात न्याय झालेला नाही. पदूने साग तोडला हे खरे, रखवालदाराने पळवला हेही खरे, आणि शिक्षा कोणालाच नाही. रखवालदाराची तेवढी पुढे खालापूरकडे बदली झाली, पण तिकडेही जंगल आहेच. पोतनीस पानाला चुना लावत म्हणाले, "न्याय पाहिजे असेल तर पुढची तारीख घ्यावी लागते कुळकर्णी. पदूची तारीख आभाळाने दिली होती. दोन्ही एका दिवशी येत नव्हत्या."

नऊ दिवसांनी एक नोटीस पोचवायला मी पुन्हा पोशीरकडे गेलो. वाट पदूच्या खाचरावरून जात होती. तो आणि त्याची बायको वाकून रोप लावत होती, मुले बांधावर घोंगडीत बसली होती. पदूने मान वर केली नाही. वाकल्या वाकल्याच म्हणाला, "वकील बरं हायत ना?"

"बरे आहेत."

"त्यांना सांगा, दोन खाचरं राह्यल्यात. परवा उरकंल."

मी परत येऊन जसेच्या तसे सांगितले. पोतनीस कसलेसे खरेदीखत वाचत होते. त्यांनी ते खाली ठेवले.

"तुम्ही कुठे होतात?"

"बांधावर."

"किती वेळ?"

"दहा मिनिटे."

"दहा मिनिटांत एका माणसाच्या हाताने किती रोपं लागतात?"

मी सवयीने वही उघडली, पण त्या दहा मिनिटांत मी चिखलात उतरलोच नव्हतो.