कोळणीच्या कमरेतलं पोटरीचं हाड

माझ्या शेजारणीइतकी घासाघीस करणारी बाई ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरी झाली नाही. दिवा स्टेशनजवळच्या चाळीत आमची भिंतीला भिंत होती. जातीची कोळीण, डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायची. रिक्षावाल्याशी, नळावरच्या रांगेशी, एवढंच काय, देवीशीसुद्धा तिचा भाव चालायचा. पोराचा ताप उतरावा म्हणून बोकड बोलली होती. ताप उतरल्यावर कोंबड्यावर आली आणि शेवटी नारळ फोडून मोकळी झाली. वर मलाच म्हणते, "देवी आपलीच हाय गो. आपल्या मानसाला कुनी पुरा भाव लावतं काय?"

नव्वद सालाच्या पुढेमागे तिची कंबर दुखायला लागली. टोपल्या उचलून भरली असेल म्हणून पुष्कळ दिवस तेल चोळलं. शेवटी मुंबईच्या इस्पितळात कमरेच्या हाडाचा कॅन्सर निघाला. नवरा नुसता रडायचा, म्हणून बरोबर मी जायची. डॉक्टरांनी समजावलं, की कमरेच्या हाडाचा खराब भाग कापून टाकायचा, तिथे पोटरीतलं बारीक हाड बसवायचं आणि ते जिवंत राहावं म्हणून त्याची रक्ताची नळी तिथल्या नळीला शिवायची. "पोटरीत हाडं दोन असतात. बारीक काढलं तरी चालता येतं."

"म्हंजे देवानं मासळीच्या वाट्यावर टाकतात तसं एक जास्त टाकलेलं," ही म्हणाली आणि सुरू झाली. सगळं हाड नको, अर्धं घ्या. तीन महिने खाटेवर नाही, एकच. डॉक्टर बिचारे दोनावर आले, मग भानावर येऊन म्हणाले, "बाई, हाड जुळायचं तेव्हा जुळेल. ते माझ्या हातात नाही."

"मग ज्याच्या हातात हाय त्याला बोलवा."

मी तिला चिमटा काढला. तेव्हा ती हळू आवाजात बोलली, "डाक्टर, मना बाजारात बसता आलं पायजे. नायतर जगून काय करू?" उकिडवं बसता येणार नाही, उंचावर बसा, असं ते म्हणाले. यावर तिनं भाव केला नाही.

ऑपरेशन झालं. पुढचे महिने मी तिला शौचाचं भांडं दिलं, कुशीवर वळवलं, तिची कटकट ऐकली. प्रेमानं केलं असं म्हणणार नाही. कंटाळा यायचा. दुसरं कोणी नव्हतं, म्हणून केलं.

हाड जुळलं. कुबडी घेऊन ती बाजारात गेली, खोक्यावर बसली. दुपारच्या आत टोपली रिकामी. मला वाटलं, खूश असेल. तर घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. गिऱ्हाइकं कुबडी बघायची, "मावशी, सांगाल ते देतो," म्हणायची आणि पैसे ठेवून जायची. आठवडाभर तेच झालं.

"मी काय भीक मागाय बसलंय? उद्यापासून जायाची नाय."

दुसऱ्या दिवशी मी तिला ओढतच नेलं. खोक्यावर बसवलं आणि पिशवी घेऊन समोर उभी राहिले. "हे पापलेट आजचं आहे की तुझ्या लग्नातलं?"

तिनं मासा उचलून माझ्या नाकापुढे धरला. "डोले फुटले काय तुजे? कल्ला बघ, लाल हाय."

"कुंकू लावलं असशील. अर्ध्यात दे."

"अर्ध्यात शेपटी घे नि चालू पड."

लोक थांबले. मागून एक बाई म्हणाली, "खरंच गं, महागच लावतेस तू." झालं. ही तिच्यावर अशी तुटून पडली, की मी समोर उभी आहे हेच विसरली. शेवटी मला सगळ्यांपेक्षा महाग दिलं.

पुढे बरीच वर्षं ती त्या खोक्यावर बसली. गेली ती छातीच्या दुखण्यानं. हाड शेवटपर्यंत टिकलं.

आता त्या बाजारात मी काठी टेकत जाते. नव्या कोळणी चांगल्या आहेत. मी तोंड उघडायच्या आत म्हणतात, "घे आजी, तुला कमीच लावलंय." मी पैसे देते आणि घरी येते.